अटक झालेला माणूस नेमका कुठंय आणि कोणत्या गुन्ह्यात आहे हे कसं शोधायचं (महाराष्ट्रासाठी)

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा येते ते लोक आधी गुगलवर नाव टाकून बघतात, तिथं काहीच सापडत नाही आणि मग जास्तच घाबरतात. आपल्याकडं एका साईटवर नाव टाकलं आणि अटकेची तारीख, गुन्हा, जेल सगळं समोर आलं असं काही नाहीये. पण माहिती असते, आणि ती मिळायचा घरच्यांना कायद्याने हक्क आहे. फक्त ती तीन ठिकाणी विखुरलेली असते, पोलिस स्टेशन, कोर्ट आणि कारागृह, आणि माणूस पुढं सरकतो तशी त्याची नोंदपण पुढं सरकते. त्यामुळं अटकेला किती तास झालेत यावरून आत्ता तो कुठल्या टप्प्यावर असेल हे आधी ठरवायचं आणि तिथंच विचारायचं.

या तिन्ही ठिकाणी चालणारी किल्ली एकच, गुन्हा रजिस्टर नंबर. पोलिसांच्या भाषेत गु.र.नं., काहीजण सीआर नंबर म्हणतात, महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाईन पोर्टलवर एफआयआर नंबर म्हणून दिसतो, गोष्ट तीच. प्रत्येक पोलिस स्टेशनचा नंबर दर वर्षी १ जानेवारीपासून नव्याने सुरू होतो म्हणून नुसता नंबर कामाचा नाही, स्टेशनचं नाव आणि वर्ष सोबत पाहिजेच. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल पण पहिल्या दिवशी एवढं मिळवाच, पुढची सगळी धावपळ निम्मी होते.

आधी पोलिस स्टेशन कुठलं ते शोधा

इथंच नवीन माणूस सगळ्यात जास्त चुकतो, कारण महसूली जिल्हा वेगळा आणि पोलिसांची हद्द वेगळी. पुण्याचं बघा ना, पोर्टलच्या ड्रॉपडाऊनमध्ये पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी चिंचवड असे तीन वेगळे पर्याय येतात, हिंजवडी पिंपरी चिंचवडमध्ये आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये. पनवेल रायगड जिल्ह्यात असलं तरी पोलिस नवी मुंबईचे. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ठाणे शहरमध्ये पण मुरबाड ठाणे ग्रामीणमध्ये. वसई विरार पालघर जिल्ह्यात असूनही २०२० पासून मीरा भाईंदर वसई विरार आयुक्तालयात आहे. चुकीचा पर्याय निवडला की यादी रिकामी येते आणि माणसाला वाटतं अटकच झालेली नाही.

लोकल ट्रेनमध्ये किंवा स्टेशनवर पकडलं असेल तर शहर पोलिसांकडं विचारून उपयोग नाही, तिथं लोहमार्ग म्हणजे रेल्वेचे पोलिस असतात, त्यांची स्टेशनं आणि हद्द वेगळी. आणि साध्या कपड्यातले लोक गाडीतून घेऊन गेले असतील तर शहरात क्राईम ब्रांच किंवा ग्रामीण भागात एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, असू शकते, ते आरोपी आपल्या युनिटच्या ऑफिसात आणतात पण गुन्हा बहुतेक वेळा कुठल्यातरी पोलिस स्टेशनलाच दाखल असतो. शेजारच्यांनी गाडीवर काय लिहिलं होतं, कोणी स्वतःचं नाव सांगितलं का, एवढं जरी बघितलं असेल तरी विचारून घ्या.

काहीच माहीत नसेल तर शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलिस कंट्रोल रूमला फोन करा. हे कोणाच्या मेहेरबानीवर नाहीये. सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू केसमध्ये डिसेंबर १९९६ मध्येच सांगितलंय की अटक केल्यापासून १२ तासांच्या आत अटकेची आणि आरोपीला कुठं ठेवलंय याची माहिती कंट्रोल रूमला गेली पाहिजे आणि तिथल्या बोर्डावर लागली पाहिजे. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, कलम ३७ आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलिस स्टेशनला एक अधिकारी नेमायचा, निदान एएसआय म्हणजे सहायक उपनिरीक्षक दर्जाचा, त्याने अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप याची नोंद ठेवायची आणि ती स्टेशनमध्ये आणि जिल्हा मुख्यालयात दिसेल अशी लावायची, डिजिटल पद्धतीनेसुद्धा.

स्टेशनला गेल्यावर काय विचारायचं

एकटे जाऊ नका. सोबत एक शांत डोक्याचा माणूस, तुमचं आधार कार्ड, वही पेन. आत गेल्यावर समोरच ठाणे अंमलदार, म्हणजे स्टेशनचा ड्युटीवरचा पोलिस, बसलेला असतो, त्याच्यापाशीच सुरुवात करायची, थेट मोठ्या साहेबांच्या केबिनकडं जायचं नाही. भांडणाचा सूर नको आणि गयावयापण नको, सरळ विचारा: "साहेब, अमुक अमुक नावाच्या माणसाला आणलंय का? गु.र.नं. आणि कलमं सांगता का? तपास कोणाकडं आहे? अटक किती वाजता दाखवली आणि कोर्टात कधी हजर करणार?" हे चार प्रश्न असेच, याच क्रमाने. अटकेची वेळ लिहून घ्या कारण २४ तास तिथून मोजायचे असतात, आणि तपासी अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर घ्या, उद्या वकील पहिलं तेच विचारणार.

मग अटकेच्या कागदाचं विचारा. बीएनएसएसच्या कलम ३६ प्रमाणे अटक करताना मेमो बनवावा लागतो, त्यावर घरातल्या कोणाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीसुद्धा सही लागते. कलम ४८ प्रमाणे अटकेची आणि कुठं ठेवलंय याची माहिती त्याने सांगितलेल्या नातेवाईकाला किंवा मित्राला ताबडतोब द्यायची आणि कोणाला कळवलं त्याची नोंद स्टेशनच्या वहीत करायची. त्यामुळं "आम्हाला कोणी कळवलंच नाही" असं असेल तर ते त्याच वेळी वकिलाला सांगा, कारण हे पाळलंय का ते बघायचं काम त्याच कलमाने मॅजिस्ट्रेटवर टाकलंय. अटकेची कारणं लेखी मिळाली का हेपण विचारा. वरळीच्या हिट अँड रन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय की कुठलाही गुन्हा असो, कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच जमलं नाही तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला कोर्टात, हजर करायच्या निदान दोन तास आधी तरी.

एक गोष्ट नीट समजून घ्या, स्टेशनला नेलं म्हणजे अटक झालीच असं नसतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बऱ्याच गुन्ह्यांत पोलिस बीएनएसएसच्या कलम ३५(३) ची नोटीस देतात, जबाब घेतात आणि सोडतात, ही जुन्या सीआरपीसीमधली ४१ए ची नोटीस. किंवा भांडण होऊ नये म्हणून कलम १७० खाली ताब्यात घेतात, आधीचं १५१, त्यात एफआयआर नसतोच आणि दुसऱ्या कुठल्या कलमाने गरज नसेल तर २४ तासांच्या वर ठेवता येत नाही. अशा वेळी पोर्टलवर कितीही शोधलं तरी एफआयआर सापडणार नाही. म्हणून "अटक दाखवलीये, नोटीस दिलीये का प्रतिबंधक कारवाई आहे?" हा प्रश्न सरळ विचारायचा.

ऑनलाईन काय मिळतं

महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल आहे, तिथं प्रकाशित एफआयआर बघता येतात. जिल्हा किंवा आयुक्तालय निवडा, स्टेशन निवडा, तारखा टाका, कॅप्चा भरा आणि सर्च. तारखांची रेंज छोटी ठेवा, दोन चार दिवसांची, मोठ्या स्टेशनला महिन्याची यादी काढली तर त्यात हरवून जाल. एफआयआर नंबर असेल तर काम लगेच होतं. अटक आरोपींची यादीपण पोर्टलवर आणि जिल्हा पोलिसांच्या वेबसाईटवर बघा, पण ती त्याच दिवशी अपडेट होईल या भरवशावर बसू नका. आणि नाव टाकताना मराठी, इंग्रजी, आडनाव आधी, नाव आधी, सगळं करून बघा, एंट्री करणारा घाईत असतो, 'शिंदे'चं स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेलं असतं.

एफआयआर डाउनलोड झाला की आधी तीन जागा बघायच्या. वर कायदा आणि कलमं. मग घटनेची तारीख वेळ आणि स्टेशनला माहिती मिळाल्याची तारीख वेळ, या दोन्हींत किती अंतर आहे ते वकिलाला सांगायचं. आणि आरोपींचा रकाना, त्यात तुमच्या माणसाचं नाव आहे का 'अनोळखी इसम' लिहिलंय. अनोळखी असेल तर घाबरून गोंधळू नका, नाव तपासात नंतर आलेलं असतं, एफआयआर तोच असू शकतो. शेवटच्या पानांवर फिर्यादीचा जबाब असतो, तो पूर्ण वाचा, जड जातं पण वाचा.

एफआयआर २४ तासांत साईटवर टाकायचा हा सुप्रीम कोर्टाचा ७ सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे, नेटवर्कची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. पण लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असे संवेदनशील एफआयआर टाकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, पीडितेची ओळख त्यातून बाहेर येऊ शकते. अशा केसमध्ये आरोपीच्या वतीने स्टेशनला किंवा कोर्टात अर्ज करून कॉपी मागायची, त्याच आदेशात त्याची सोय केलेली आहे.

आणि हे पोर्टल फक्त राज्य पोलिसांचं. ईडी, सीबीआय, एनसीबी (अमली पदार्थवाले), कस्टम्स, आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल), वन खातं, राज्य उत्पादन शुल्क यांनी पकडलं असेल तर इथं काही दिसणार नाही, तिथं सरळ त्या ऑफिसात आणि त्यांच्या कोर्टात चौकशी करावी लागते. वय १८ च्या खाली असेल तर कुठल्याच यादीत शोधू नका, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख जाहीर करता येत नाही, त्याला लॉकअपमध्ये किंवा जेलमध्ये ठेवतच नाहीत, बाल न्याय मंडळापुढं नेतात आणि गरज पडली तर निरीक्षण गृहात ठेवतात. आईवडिलांनी थेट मंडळात जायचं.

कोर्ट: सगळ्यात खात्रीची जागा

माझं अनुभवाने बनलेलं मत सांगतो, स्टेशनला उडवाउडवी होत असेल तर तिथं रात्रभर ताटकळत बसण्यापेक्षा कोर्ट गाठायची तयारी करा. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढं हजर करावंच लागतं. रविवार असो नाहीतर दिवाळी, सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी हॉलिडे कोर्ट असतं. कुठल्या स्टेशनचे आरोपी कुठल्या कोर्टात जातात हे ठरलेलं असतं, कुठलाही फौजदारी वकील ते पटकन सांगतो. मुंबईत किल्ला कोर्ट, वांद्रे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली अशी वेगवेगळी आहेत त्यामुळं आधी विचारूनच निघा.

कोर्टात गेल्यावर त्या स्टेशनचा पैरवीवाला पोलिस शोधा, त्याच्या हातात त्या दिवशीच्या रिमांडचे कागद असतात आणि कोणाला आणलंय कोणाला आणायचंय हे त्याला माहीत असतं. तो सापडला नाही तर कोर्टरूममधल्या क्लार्कला स्टेशनचं नाव सांगून विचारा. आदेश झाला की दोनच शब्द ऐकू येतात, पीसीआर किंवा एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी, माणूस परत लॉकअपला. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे आता जेल आणि बहुतेक वेळा इथूनच जामिनाचा अर्ज. नवीन कायद्यात पोलिस कोठडीचे एकूण १५ दिवस तुकड्या तुकड्याने पण मागता येतात, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत, म्हणून एमसीआर झाला तरी पुढच्या तारखेला वकील हजर पाहिजे.

घरी बसून बघायचं तर ई-कोर्ट्सची साईट किंवा मोबाईल ॲप. राज्य, जिल्हा, कोर्ट कॉम्प्लेक्स निवडायचं, मग एफआयआर नंबरचा टॅब, त्यात पोलिस स्टेशन, नंबर आणि वर्ष. नावानेपण शोधता येतं पण वर्ष टाकावं लागतं आणि एकाच नावाची ढीगभर माणसं निघतात, वडिलांचं नाव आणि स्टेशन जुळतंय का बघितल्याशिवाय हीच आपली केस असं धरून चालू नका. चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत मूळ केस दिसेलच असं नाही, जामीन अर्ज मात्र साधारण दिसतो. एकदा केस सापडली की १६ अंकाक्षरांचा सीएनआर नंबर असतो, आपल्याकडचा एमएचने सुरू होतो, तो कॉपी करून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा, पुढच्या सगळ्या तारखा त्याच नंबरवर दिसत राहतात.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर गप्प बसू नका, १५१०० वर फोन करा, ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन आहे. प्रत्येक जिल्हा कोर्टात त्यांचं ऑफिस असतं आणि कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. लोक दागिने गहाण टाकतात आणि ही सोय त्यांना कोणी सांगतच नाही, त्याचं फार वाईट वाटतं.

जेलमध्ये कुठं ते

एमसीआर झाल्यावर कोर्ट वॉरंट काढतं, त्यावर कारागृहाचं नाव असतं, ते वकिलाकडून किंवा पैरवीवाल्याकडून तिथल्या तिथं विचारून घ्या. राज्यात मध्यवर्ती कारागृहं नऊ आहेत, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, येरवडा, नाशिक रोड, कोल्हापूरचं कळंबा, संभाजीनगरचं हर्सूल, अमरावती, नागपूर, शिवाय जिल्हा कारागृहं वेगळी. मुंबईत बायकांसाठी भायखळा. आर्थर रोडसारख्या ठिकाणी जागेपेक्षा फार जास्त बंदी आहेत त्यामुळं तिथून ठाणे, तळोजा असं दुसरीकडं हलवलेलं असू शकतं, म्हणून भेटायला निघायच्या आधी फोन करून खात्री करा, नाहीतर म्हातारी आई लांबून प्रवास करून येते आणि गेटवर कळतं की तिला दुसरीकडं जायचंय.

मुलाखतीसाठी, म्हणजे जेलमधल्या भेटीसाठी, ई-मुलाकात या साईटवर नोंदणी होते, प्रत्यक्ष भेट किंवा व्हिडिओ कॉल दोन्हीची. त्यात बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि कारागृह टाकावं लागतं, आणि नाव वॉरंटवर जसं आहे तसंच टाका, घरातलं लाडाचं नाव नको. तुमचं ओळखपत्र आणि नातं पण भरावं लागतं. गेल्यावर बंदी क्रमांक विचारून घ्या, पत्र आणि मनी ऑर्डरला तोच लागतो.

'आमच्याकडं नाही' असं सगळीकडं सांगितलं तर

आधी लेखी द्या. स्टेशनला अर्ज, त्याची कॉपी एसपी किंवा पोलिस आयुक्तांना ईमेलने, त्यात माणसाला कधी, कुठून, कोणी नेलं ते लिहा. त्याच अर्जात सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायची मागणी करा, सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक पोलिस स्टेशनला कॅमेरे बसवायचे आदेश दिलेत, गेट आणि लॉकअपसकट. वकील मॅजिस्ट्रेटकडं बीएनएसएसच्या कलम १०० खाली अर्ज करू शकतो, बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाचा शोध घ्यायला. आणि शेवटी हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी याचिका. त्यासाठी सगळ्यांनी मुंबईलाच पळायची गरज नाही, नागपूर आणि संभाजीनगरला खंडपीठं आहेत आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय.

माहिती अधिकारातपण मागता येतं, फी १० रुपये, साधारण ३० दिवस, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, अर्जावर वरच ठळक तसं लिहा.

फोनवर पैसे मागत असतील तर

"तुमचा मुलगा ड्रग्जच्या केसमध्ये पकडलाय, आत्ता पैसे पाठवा नाव काढून टाकतो" असे फोन सध्या खूप येतात, मागं रडण्याचा आवाजपण असतो. फोन ठेवा आणि आधी मुलालाच लावा. लागला नाही तर वरच्याच रस्त्याने जा, कुठलं स्टेशन, गु.र.नं. काय, तपास कोणाकडं, आणि मग त्या स्टेशनचा नंबर स्वतः शोधून तिथं फोन करा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवायची 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीच गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन.

दुसऱ्याची माहिती शोधत असाल तर

भाडेकरू, ड्रायव्हर, मुलीसाठी आलेलं स्थळ, अशा कारणाने पण लोक शोधतात. कामावर ठेवायचं असेल तर त्या माणसालाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा, भाडेकरूची माहिती स्टेशनला द्या, ते सरळ आणि खात्रीचं. एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं. त्या पीडीएफमध्ये घरचे पत्ते, वय, फिर्यादीचं नाव सगळं असतं, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फिरवू नका, कोणाची तरी पोरं त्याच बिल्डिंगमध्ये खेळत असतात.

आणि तुमचा माणूस सुटला, निर्दोष झाला किंवा गुन्हा हायकोर्टात रद्द झाला तरी पोर्टलवरचा जुना एफआयआर आपोआप पुसला जात नाही, कोणी नाव शोधलं तर तोच आधी दिसतो. म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात नकला विभागात अर्ज करून निकालाची सही शिक्क्याची नक्कल काढा, एक नाही तीन काढा, पासपोर्ट, नोकरी, पडताळणी सगळीकडं तीच दाखवावी लागते. एक प्रत संबंधित पोलिस स्टेशनला देऊन पोचपावती घ्या आणि त्यांच्या रेकॉर्डला निकालाची नोंद करायला लावा.